चुकलेलं निदान : सेलम आणि डॅनव्हर्समधले चार दिवस

शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सुटलेली लोकल अर्ध्या तासात सेलमला पोचते. मुलाने माझ्यासाठी रजा टाकली होती. तारखेचा हट्ट माझा. १६९२ साली काही मुलींच्या झटक्यांमागे चेटूक आहे असं ठरवून इथे खटले चालले आणि एकोणीस जणांना फाशी झाली. त्याच खटल्यांत १९ सप्टेंबरला याच गावात गाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. तेव्हा इंग्रजांचं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं, त्यामुळे ऊन-पावसाच्या हिशेबाने तो दिवस हा नव्हे. पण पुण्यतिथी पाळायची तर हातात तारीखच असते.

मी तीस वर्षं धडगाव तालुक्यात आरोग्यसेविका होते. सातपुड्याच्या त्या पाड्यांवर 'डाकीण' हा शब्द मी गोष्टींत ऐकला नाही, लसीकरणाच्या फेरीत ऐकला. सेलमचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेही एका अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात. तेव्हापासून मनात होतं की एकदा ते गाव पायांनी फिरून बघायचं.

स्टेशनाबाहेर पोलिसांची गाडी उभी होती. तिच्या दारावरच्या बोधचिन्हात झाडूवर बसलेली चेटकीण. मला पुढे पाऊल टाकवेना. ऑक्टोबरात इथे हॅलोविनसाठी लाखो माणसं लोटतात. आत्ताच दुकानांत टोकदार काळ्या टोप्या टांगलेल्या होत्या, लहान मुलं त्या घालून नाचत होती. मुलांचा काय दोष? पण इथे जे मेले त्यांतलं एकही माणूस चेटूक करणारं नव्हतं, आणि गावाने बोधचिन्ह निवडलं ते आरोप करणाऱ्यांच्या डोळ्यांतलं.

चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून स्मारक आहे, तीनशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा १९९२ साली उभारलेलं. ओबडधोबड दगडी भिंत आणि भिंतीतून पुढे आलेल्या वीस शिळा. प्रत्येक शिळेवर नाव, मृत्यूची रीत आणि तारीख. उंबऱ्याच्या फरशांवर त्या माणसांची न्यायालयातली वाक्यं कोरली आहेत. 'मी निष्पाप आहे' असं काहीसं वाचत आपण पुढे जातो आणि वाक्य भिंतीखाली अर्ध्यातच गडप होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. कोरीच्या शिळेवर कुणीतरी शेवंतीची फुलं ठेवली होती.

या कोरीची गोष्ट सरळ शूरपणाची नाही, म्हणूनच ती मला जास्त जवळची वाटते. मार्चमध्ये त्याच्या बायकोला, मार्थाला, पकडलं तेव्हा तो स्वतः तिच्याविरुद्ध बोलला. ती रात्री चुलीपुढे गुडघे टेकून बसते, पण प्रार्थनेचे शब्द ऐकू येत नाहीत, असल्या गोष्टी त्याने लिहून दिल्या. पुढच्या महिन्यात त्यालाच पकडलं. न्यायालयात त्याने आरोप 'अमान्य' म्हटला, पण त्यापुढचा शब्द उच्चारायला नकार दिला, म्हणजे ज्युरीपुढे खटला चालवून घेतला नाही. जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे अशा माणसाला बोलतं करायला अंगावर वजन चढवत जायचं. तो बोलला नाही. तीन दिवसांनी, २२ सप्टेंबरला, मार्थाला फाशी दिली. नवरा गेल्याचं तिला कोठडीत कुणी सांगितलं असेल का, हा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

दुपारी एसेक्स स्ट्रीटवरचं न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं घर पाहिलं. काळपट लाकडी, उतरत्या छपरांचं. त्या खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलममधली ही एकच वास्तू आज उभी आहे. कॉर्विन आणि जॉन हॅथॉर्न हे दोघे सुरुवातीची चौकशी करायचे. १ मार्च १६९२ ला सारा गुड नावाच्या भिकारणीला हॅथॉर्नने विचारलेला पहिला प्रश्न होता, 'तुझी कोणत्या दुष्टात्म्याशी सलगी आहे?' आहे का, असं नव्हे, कोणत्या, असं. उत्तराला जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी डर्बीच्या लांबलचक धक्क्यावर चालत शेवटपर्यंत गेलो. मुलगा उत्तरेकडे हात करून म्हणाला, "आई, त्या बाजूला मेन." मेन म्हणजे आजचं उत्तरेकडचं राज्य. हा समुद्रकिनारा पाहिल्याशिवाय मला ते प्रकरण अर्धंच कळलं असतं. १६८९ पासून तिकडे फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे मूळनिवासी यांच्याशी इंग्रज वसाहतींची लढाई पेटली होती. १६९० मध्ये आजच्या पोर्टलंडच्या जागची फालमथची वस्ती बेचिराख झाली. जानेवारी १६९२ मध्ये यॉर्कवर हल्ला झाला, माणसं मेली, पळवली गेली. वाचलेले लोक किनाऱ्याने खाली आले. आरोप करणाऱ्या मुलींपैकी मर्सी लुइस ही अशीच अनाथ निर्वासित. आईबाप गमावून परक्या घरी मोलकरीण म्हणून राहिलेली. सैतानाचं वर्णन करताना या लोकांच्या तोंडी वारंवार 'काळा माणूस' येतो आणि तो कधीकधी मूळनिवाशासारखा दिसतो, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. जे रानातून घरावर चालून आलं होतं, तेच त्यांना घरात दिसत होतं.

त्यात वसाहतीला धड राजवट नव्हती. मॅसॅच्युसेट्सची जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती, नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स आला तो मे १६९२ मध्ये. तोवर तुरुंग भरून गेले होते, आणि खटला चालवण्याचा अधिकार असलेलं न्यायालयच नव्हतं.

शनिवार, २० सप्टेंबर

आज सूनबाईने गाडी काढली. डॅनव्हर्सला रेल्वे जात नाही. लोक सेलम सेलम म्हणतात, पण प्रकरण सुरू झालं ते सेलम बंदरात नव्हे, 'सेलम व्हिलेज' या आतल्या शेतकरी वस्तीत. १७५२ मध्ये ती वेगळी झाली, आजचं तिचं नाव डॅनव्हर्स. इथे टोप्यांची दुकानं नाहीत. घरं, हिरवळ, शाळेची बस.

सेंटर स्ट्रीटवर दोन घरांच्या मधून एक बोळ जातो. कुणाच्या परसात शिरतोय असं वाटून सूनबाई थांबली, "आई, इथूनच ना?" इथूनच. बोळ संपला की मोकळ्या जागेत जमिनीखाली एक चौकट उघडी दिसते, दगडी पायाची. पाद्री सॅम्युएल पॅरिसचं घर. १९७० साली उत्खनन करून हा पाया मोकळा केला. गावाने १६८१ मध्ये बांधलेलं हे घर बेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद होतं. तेवढ्यात पाद्री, त्याची आजारी बायको, मुलं, भाची आणि टिट्यूबा व जॉन हे दोन गुलाम. हिवाळ्यात चुलीपाशी सगळे किती जवळजवळ बसत असतील, ते पायाकडे बघून कळतं.

जानेवारीत इथे पाद्र्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि तिची अकरा वर्षांची आतेमामेबहीण अॅबिगेल यांना झटके यायला लागले. हातपाय वाकडे, किंचाळणं, कोपऱ्यात दडणं. प्रार्थना झाल्या, उपास झाले. मग वैद्याला बोलावलं. तो बहुतेक विल्यम ग्रिग्ज असावा. त्याने सांगितलं, हे दुखणं नाही, यामागे 'दुष्ट हात' आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाची नाडी इथे आहे. रोगाचं नाव सापडलं नाही म्हणून वैद्याने माणसाकडे बोट केलं. आता तो हात कुणाचा, एवढंच गावाला शोधायचं उरलं. ग्रिग्जच्याच घरी राहणारी सतरा वर्षांची एलिझाबेथ हबर्ड पुढे आरोप करणाऱ्यांत सामील झाली. शेजारणीच्या सल्ल्यावरून जॉनने मुलींच्या लघवीत राईचं (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) पीठ कालवून भाकरी भाजली आणि कुत्र्याला घातली. म्हणजे चेटूक करणारी उघड होईल. आपल्याकडचा उतारा आणि हे, यात मला कोसाचंही अंतर दिसेना.

राईच्या पिठावरून आठवलं. १९७६ मध्ये एका संशोधिकेने मांडलं की मुलींना अरगट बाधला असावा. राईच्या कणसावर ही बुरशी येते आणि तिने झटके, भास होतात. खानदेशात बाजरी पेरणाऱ्याला अरगट शिकवायला नको. आपण बी मिठाच्या पाण्यात टाकतो, वर तरंगतं ते काढून टाकतो. मला हे कारण बरीच वर्षं पटलं होतं, कारण त्यात कुणालाच दोष द्यावा लागत नाही. पण त्याच वर्षी त्याला उत्तर आलं आणि ते वाचल्यावर माझा विश्वास उडाला. एका घरात एकाच पिठाची भाकरी सगळे खातात. आणि अरगटाचा झटका न्यायालयात आरोपीने मान वळवली की येतो, तिने हात लावला की थांबतो, असं होत नाही. बेटीला आधी खरोखर काही होत असेल. जिथे वडील रोज रात्री सैतानाचं नाव घेतात त्या घरात नऊ वर्षांच्या पोरीला भीतीने झटका येणं मला अजिबात अशक्य वाटत नाही. आरोप वाढू लागल्यावर बेटीला सेलममध्ये दुसऱ्या घरी ठेवलं. उरलेल्यांना रोज बघायला लोक जमत होते.

वडिलांचंही दुखणं होतं. पॅरिस बार्बाडोसमध्ये आणि बोस्टनमध्ये व्यापारात अपयशी ठरून पाद्री झालेला. गावाने ठरवलेला पगार सहासष्ट पौंड, तोही काही रोख आणि काही जिन्नस, शिवाय जळाऊ लाकडावरून रोजची कुरकुर. ऑक्टोबर १६९१ मध्ये गावातल्या नव्या समितीने त्याच्या पगाराचा कर लावायलाच नकार दिला. त्याआधीचे तीन पाद्रीही याच गावातून कटकटींना कंटाळून गेले होते. त्यातला जॉर्ज बरोज १६८३ मध्ये पगार न मिळाल्याने निघून मेनला गेला. त्याला १६९२ मध्ये तिकडून पकडून आणलं, सैतानाचा सरदार ठरवलं आणि फाशीच्या शिडीवर त्याने प्रभूची प्रार्थना एकही चूक न करता म्हटली तरी लटकवलं. चेटूक करणाऱ्याला ती प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही, अशी त्यांचीच समजूत होती.

धडगावची एक आठवण इथे लिहितेच. एका पाड्यावर आठवड्यात दोन लेकरं जुलाबाने गेली. मी ओआरएसची पाकिटं घेऊन पोचले तेव्हा भगताने नाव काढून झालं होतं: एक विधवा, नवऱ्यामागे दोन एकर राखून असलेली. दीर जमिनीसाठी टपलेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या अंगणात दगड पडले ते लेकरांच्या नावाने. मी तिला रात्री आरोग्य केंद्राच्या जीपमधून बाहेर काढलं. ती पुन्हा त्या पाड्यावर कधी गेली नाही. तेव्हा महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा नव्हता; तो २०१३ मध्ये आला, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. त्या दोन एकरांचं काय झालं, हे मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

न्यू इंग्लंडमध्येही (अमेरिकेच्या ईशान्येचा हा भाग) आरोप झालेल्या बायकांची यादी तपासणाऱ्यांना दिसलंय की भाऊ किंवा मुलगा नसलेल्या, म्हणून मालमत्ता हाती आलेल्या किंवा येऊ शकणाऱ्या बायका तिच्यात उठून दिसतात.

रविवार, २१ सप्टेंबर

आज सर्वपित्री अमावस्या. सकाळी घरी पान वाढलं, कावळा इथे मिळणं कठीण म्हणून बाहेर झाडाखाली ठेवलं. मग पुन्हा डॅनव्हर्स, रिबेका नर्सचं शेत.

मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एकदम शेत सुरू होतं. तांबडट लाकडी घर, दगडी बांध, लांबवर पाइनची झाडं. आज पंचवीसेक एकर उरलंय. रिबेकाचा नवरा फ्रान्सिस लाकडी ताटं, परात असली भांडी बनवणारा कारागीर. १६७८ मध्ये त्याने तीनशे एकरांचं हे शेत एकवीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलं. परातवाल्याने तीनशे एकर घ्यावेत, हे डोळ्यांत खुपायला पुरेसं होतं. शिवाय रिबेका मूळची टॉप्सफील्डच्या टाउन घराण्यातली, आणि त्या गावकऱ्यांचा पटनम घराण्याशी बांधाच्या हद्दीवरून वर्षानुवर्षं वाद. तिच्यावर आरोप करणाऱ्यांत पटनमांची बारा वर्षांची अॅन आणि तिची आई पुढे होत्या.

अभ्यासकांनी गावाचा नकाशा काढून दाखवलं होतं की आरोप करणारे पश्चिमेला, शेतीत अडकलेले. आरोपी पूर्वेला, बंदराच्या व्यापाराजवळचे. नंतरच्यांनी तो नकाशा तपासला, तेव्हा रेषा इतकी स्वच्छ निघाली नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. बांधाचं भांडण नकाशावर नीट बसत नसतं. ते दोन घरांत असतं, सोयऱ्यांत पसरतं आणि चर्चच्या बाकापर्यंत पोचतं.

रिबेका एकाहत्तर वर्षांची, कानाने अधू, आजारातून उठलेली. तिला न्यायाला आणलं तेव्हा ती म्हणाली, 'माझ्या सनातन पित्यापुढे मी सांगू शकते की मी निष्पाप आहे, आणि देव माझं निष्पापपण सिद्ध करील.' एकोणचाळीस शेजाऱ्यांनी तिच्या चांगुलपणाच्या अर्जावर सह्या केल्या. त्या दिवसांत अशी सही करणं म्हणजे उद्या आपलं नाव येण्याची तयारी ठेवणं. यात पटनम घराण्यातलेही होते.

आणि ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं! हे मला आधी माहीत नव्हतं, घर दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसलेच. निकाल ऐकून मुली किंचाळल्या. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन ज्युरीला म्हणाला, कबुली दिलेल्या एका कैदी बाईला ती 'आमच्यातली' असं म्हणाली होती, त्याचा विचार केला का? ज्युरीने तिला अर्थ विचारला. ती गप्प. तिला ऐकू आलं नव्हतं. ज्युरी पुन्हा आत गेली आणि दोषी म्हणून बाहेर आली. नंतर तिने लिहून दिलं की 'आमच्यातली' म्हणजे माझ्यासारखीच कैदी, एवढंच मला म्हणायचं होतं. गव्हर्नरने दिलेली तहकुबीही मागे घेतली गेली. १९ जुलैला तिला फाशी झाली.

बहिऱ्या म्हाताऱ्या पेशंटला मी किती वेळा मोठ्याने, तोंडासमोर जाऊन, दोनदा विचारलं असेल! ज्युरीतल्या बारा पुरुषांपैकी एकाला उठून तिच्या कानाशी जावंसं वाटलं नाही.

घरामागून पायवाट दफनभूमीकडे जाते. घरच्यांनी तिचं प्रेत रात्री आणून इथे कुठेतरी पुरलं अशी परंपरा आहे. नेमकी जागा खुणेविना ठेवलेली. १८८५ मध्ये वंशजांनी ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला. शेजारी १८९२ चा दुसरा दगड आहे, तिच्या बाजूने साक्ष देणाऱ्या शेजाऱ्यांच्या नावांचा. सह्या करणाऱ्यांसाठी स्मारक मी इतरत्र कुठे पाहिलेलं नाही. मी तिळाची पुडी पर्समध्ये आणली होती. तिथल्या गवतावर थोडे तीळ सोडले आणि पाण्याच्या बाटलीतलं पाणी. सूनबाई काही बोलली नाही, नुसती हात जोडून उभी राहिली.

परतताना नॉर्थ अँडोव्हरवरून आलो, फार थांबलो नाही. सेलमहून जास्त माणसं या एका गावातली अडकली, चाळीसहून अधिक. इथे आरोपींच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांचे हात झटके आलेल्या मुलींना लावले. मुलगी शांत झाली की बाई दोषी. आणि इथल्याच घरांतून कबुल्यांचा पूर आला, कारण तोवर सगळ्यांना उमगलं होतं की जो कबूल करून त्यावर ठाम राहतो तो फासावर जात नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने कबुली दिली, मग मागे घेतली, त्याला लटकवलं. मार्था कॅरियरच्या दोन मुलांना मान आणि टाचा एकत्र बांधून ठेवलं, नाकातून रक्त येईपर्यंत. १६९० च्या देवीच्या साथीचा ठपकाही गाव मार्थावरच ठेवत होतं. इथली एलिझाबेथ जॉन्सन फाशीतून सुटली, पण तिच्या नावावरचा गुन्हा तसाच राहिला. तो २०२२ मध्ये पुसला, आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केल्यावर.

सोमवार, २२ सप्टेंबर

पहाटे घट बसवले. परडीत माती, गहू, कलश, नंदादीप. सूनबाईने पहिली माळ बांधली. तुळजाभवानीचं नाव घेताना डोळ्यांसमोर काल पाहिलेली ती पायवाट येत होती.

मग मुलाबरोबर शेवटचं ठिकाण, पोप स्ट्रीटवरचा प्रॉक्टर्स लेज. फाशीची जागा म्हणून लोक वर्षानुवर्षं गॅलोज हिलच्या माथ्याकडे बोट करायचे. ती खालची ही खडकाळ उतरण आहे, असं अभ्यासकांनी २०१६ मध्ये पक्कं सांगितलं, आणि १९ जुलै २०१७ ला, रिबेका गेली त्या तारखेला, इथे स्मारक झालं. मागे औषधांचं दुकान, पुढे घरं, कुंपणाला टेकवलेल्या सायकली. अर्धगोल दगडी भिंतीत एकोणीस नावं, मध्ये एक ओकचं झाड.

आजच्या तारखेची आठ नावं मी मोठ्याने वाचली. मार्था कोरी, मेरी ईस्टी, अॅलिस पार्कर, मेरी पार्कर, अॅन प्युडिएटर, मार्गारेट स्कॉट, विल्मट रेड, सॅम्युएल वॉर्डवेल. मेरी ईस्टी रिबेकाची धाकटी बहीण. मे महिन्यात तिला सोडलं होतं, दोन दिवसांत पुन्हा पकडलं. मरण्याआधी तिने अर्ज केला. माझ्या जिवासाठी मागत नाही, मला मरावं लागणार हे मला ठाऊक आहे. पण यापुढे निष्पापांचं रक्त सांडू नये, असं तिने लिहिलं. त्याच ऑक्टोबरात फिप्सने ते न्यायालय बंद केलं. 'दिसणाऱ्या छायेची' साक्ष, म्हणजे अमकीची आकृती रात्री येऊन मला चिमटे काढते ही तक्रार, पुढच्या न्यायालयाने पुरावा धरली नाही आणि बहुतेक सगळे सुटू लागले. झटके, लढाई, बांधाची भांडणं यांतलं काहीच त्या महिन्यात संपलेलं नव्हतं. बदलला तो पुराव्याचा नियम.

सुटणं म्हणजेही लगेच घरी जाणं नव्हे. कैद्याला स्वतःच्या जेवणाचे, बेड्यांचे पैसे तुरुंगाला द्यावे लागत. लिडिया डस्टिन निर्दोष ठरली आणि पैसे नसल्याने तुरुंगातच मेली.

काही जणांनी माफी मागितली. न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १६९७ मध्ये चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचं निवेदन वाचून दाखवलं गेलं. अॅन पटनमने १७०६ मध्ये तशीच मागितली. स्टॉटनने मागितली नाही. १७११ मध्ये काही कुटुंबांना भरपाई मिळाली.

मुलगा म्हणाला, "आई, निघूया? गाडी चुकेल." मी भिंतीवर आणखी एक नाव शोधत होते. सारा गुडचं आहे, १९ जुलै. तिचं तान्हं बाळ तुरुंगात गेलं. तिची मुलगी डोरोथी, चार-पाच वर्षांची, तिलाही चेटकीण म्हणून पकडलं होतं. आपल्याकडे एक साप आहे आणि तो आपलं बोट चोखतो, असं त्या पोरीने चौकशीत सांगितलं आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. आठ-नऊ महिने ती बेड्यांत राहिली आणि डिसेंबरमध्ये पन्नास पौंडांच्या जामिनावर बाहेर आली. अठरा वर्षांनी भरपाई मागताना बापाने लिहिलं की ती अंधारकोठडीत इतकी घाबरली की तेव्हापासून तिला स्वतःला सांभाळण्याइतकी अक्कल उरलेली नाही, तिचा खर्च मलाच चालवावा लागतो.

तिला फाशी झाली नाही, म्हणून भिंतीवर तिचं नाव नाही. परडीसाठी आणलेले मूठभर गहू रुमालात बांधून मी बरोबर आणले होते. ओकच्या बुंध्याशी बोटाने माती उकरून ते पेरले आणि बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांच्यावर घातलं.